डायनिंग टेबलावरची लढाई

गणवेशातल्या माणसाने सुट्टीच्या दिवशी काय खेळावं, याबद्दल लोकांच्या कल्पना ठरलेल्या असतात. गोल्फ, स्क्वॉश, ब्रिज, जमलं तर घोडा. चार मोठी माणसं एका टेबलाभोवती उभी राहून बोटभर उंचीचे सांगाडे, बुटके आणि एक ड्रॅगन पुढेमागे सरकवतात आणि पाच तास फासे टाकतात, हे त्या यादीत बसत नाही. आमच्या घरी महिन्यातून एका शनिवारी हेच चालतं. बघणारे दोन प्रश्न विचारतात. पहिला, "दिवसभर तेच करता, घरी येऊनही तेच?" याला हसून उत्तर देता येतं. दुसरा बहुधा निवृत्त मंडळींकडून येतो: "खेळायचंच तर खऱ्या लढाया खेळा. एकाहत्तर खेळा. ही भुतंखेतं कशाला?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण माझं मत नेमकं उलट आहे. सैनिकाने घरी लढाई जरूर खेळावी, आणि भुताखेतांचीच खेळावी.

आधी खेळ सांगतो. नाव 'ड्रॅगन रॅम्पंट'. डॅनियल मर्सी या लेखकाचं हे पातळसं नियमपुस्तक २०१५ साली आलं. या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे १९८३ पासूनचा वॉरहॅमर, पण त्याच्या बाहुल्या महाग आणि नियम जाड. मर्सीच्या खेळात कोणत्याही बाहुल्या चालतात. आमचा ड्रॅगन हा खेळण्यांच्या दुकानातला रबरी डायनासोर आहे. मुलाने त्याला पुठ्ठ्याचे पंख लावले आणि काळा-लाल रंग दिला. बाकीच्या बाहुल्या आम्ही रंगवतो. त्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात अवघड. पेणच्या गणपती कारखान्यांत त्या कामाला सगळ्यात कसलेला हात का बसवतात, ते एका सांगाड्याच्या कवटीवर ब्रश टेकवला की कळतं.

प्रत्येकाला २४ गुणांचं सैन्य घेता येतं, म्हणजे साधारण पाच-सहा तुकड्या. मैदान म्हणजे एमईएसचं डायनिंग टेबल, त्यावर हिरवी चादर, चादरीखाली डोंगरांसाठी पुस्तकं. आपली पाळी आली की एक तुकडी निवडायची, हुकूम सांगायचा आणि दोन फासे टाकायचे. बेरीज हवी तेवढी आली तर तुकडी हलते. नाही आली तर तुकडी जागची हलत नाहीच, शिवाय आपली सगळी पाळी तिथेच संपते. एखाद्या हुकमाला पाच किंवा जास्त हवेत असं धरा. तो ३६ पैकी ६ वेळा फसणार. सात हवे असतील तर ३६ पैकी १५ वेळा. कागदावर हे आकडे किरकोळ दिसतात. टेबलाशी उभं राहिलं की एवढंच दिसतं, की उजवी बगल उघडी पडली आहे आणि राखीव तुकडी ढिम्म हलत नाही.

क्लाउझेविट्झने ज्याला घर्षण म्हटलं ते हेच. हुकूम दिला आणि अंमल झाला, या दोहोंमध्ये पाऊस असतो, बंद पडलेला सेट असतो, वाट चुकलेला गाईड असतो. अकादमीत हे आम्ही पाठ केलं आणि पुढे नोकरीत अनुभवलं. पण एका संध्याकाळीत पंचवीसदा, आणि कोणाला काही न होता अनुभवायची सोय मला या टेबलाखेरीज कुठे दिसलेली नाही.

फाशांना आपल्याकडे नाव वाईट आहे. माझी आई जबलपूरला राहायला आली होती तेव्हा ती टेबलाशी थबकलीच. "घरात फासे? शकुनीनं काय केलं ते ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, "आई, शकुनीचे फासे त्याच्या मनाप्रमाणे पडायचे. आमचे कोणाच्याच मनाप्रमाणे पडत नाहीत." तिला ते पटलं नाही, पण सगळ्यांना चहा मात्र तिने केला. खरं तर ही वस्तू परकी नाहीच. अकराव्या शतकात अल् बेरूनीने आपल्याकडच्या चौघांच्या बुद्धिबळाचं वर्णन केलं आहे. चार खेळाडू, चार सैन्यं, आणि कोणतं मोहरं हलवायचं ते फाशाचा आकडा ठरवणार. राजाने ठरवलेलं नेहमी होतंच असं नाही, हे या खेळाच्या मांडणीतच होतं. पुढे दोघांचं, बिनफाशांचं बुद्धिबळ राहिलं आणि सेनापतीचा शब्द पटावर अंतिम झाला. मला बुद्धिबळ आवडतं, पण लढाईशी त्याचं नातं लांबचं आहे. त्यातलं प्यादं कधीच घाबरत नाही.

प्रशियात रायस्विट्झ या लेफ्टनंटने १८२४ साली जो 'क्रीग्सश्पील' सैन्याला दिला, त्यातून आजचे सगळे वॉर गेम निघाले. नकाशा, ठोकळे, पंच आणि फासे. नुकसान किती झालं ते फासे आणि तक्ते ठरवत. अधिकाऱ्यांना तक्ते किचकट वाटू लागले, म्हणून १८७६ मध्ये फेर्दी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने मांडलं, की तक्ते आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंच निकाल देईल. खेळ वेगवान झाला. पण त्या क्षणी टेबलावर एक गोष्ट परत आली, जी फाशांनी बाहेर ठेवली होती: हुद्दा. पंच नेहमीच वरिष्ठ असतो.

यातून काय होतं, त्याचं प्रसिद्ध उदाहरण मिडवेचं आहे. मे १९४२ मध्ये यामातो युद्धनौकेवर जपानी नौदलाने आगामी मोहिमेचा वॉर गेम खेळला. फुचिदा आणि ओकुमिया या जपानी नौदल अधिकाऱ्यांनी युद्धानंतर लिहिलेल्या पुस्तकात तो प्रसंग आहे. शत्रूच्या विमानांचा हल्ला झाला, ओकुमियांनी फासे टाकले, जपानी नौकांवर नऊ बॉम्ब पडल्याचा निकाल आला. आकागी आणि कागा या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. पंच होते रिअर अॅडमिरल उगाकी. त्यांनी नवाचे तीन केले. आकागी वाचली, आणि बुडालेली कागाही पुढच्या टप्प्यात पुन्हा तरंगू लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात खऱ्या समुद्रात या दोन्ही आणि आणखी दोन विमानवाहू नौका गेल्या. फासे मानले असते तर मिडवेचा निकाल बदलला असता, असं मी म्हणणार नाही. इतिहास इतका सरळ नसतो. पण उगाकी मूर्ख नव्हते. स्वतःची, नावानिशी ओळखीची जहाजं टेबलावर बुडताना बघणं कोणालाही जड जातं. तो हात माझाही असू शकतो, आणि हे वाचणाऱ्या कोणाही जुन्या सैनिकाचाही.

म्हणून भुतंखेतं. सांगाड्यांची पलटण मोडली तर कोणत्याही रेजिमेंटचा अपमान होत नाही. बुटक्यांनी पूल गमावला तर कोणाच्या युद्धघोषाला बट्टा लागत नाही. एकाहत्तर खेळायला बसलो तर आपली बाजू हरू नये म्हणून माझा हात नकळत तक्त्यावर रेंगाळेल, आणि समोरचाही समजून घेईल. तिथे निकाल आधी ठरलेला असतो, खेळ मागून येतो.

दुसरं कारण याहून साधं आहे आणि बोलायला जरा अवघड. या खेळात बाहुल्या मरतात. तुकडीतली एक-एक उचलून बाजूला ठेवावी लागते. आमच्यापैकी काहींनी खऱ्या नावांच्या खाली सह्या केल्या आहेत, घरी कळवायला गेलो आहोत. लोंगेवाला किंवा टायगर हिल टेबलावर मांडली आणि तिथून एक बाहुली उचलली, तर ती कोणाच्या तरी वडिलांची आहे. ती उचलताना मी कोकम सरबत पिऊ शकत नाही. ज्यांना ऐतिहासिक लढाया खेळता येतात त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यातल्या काहींचा अभ्यास माझ्यापेक्षा दांडगा आहे. पण माझ्या घरी ते होणार नाही. सांगाडा आधीच मेलेला असतो, हा त्याचा मोठा गुण.

एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' लिहिलं, खेळण्यातल्या सैनिकांनी घरात लढाया खेळायचं पुस्तक. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध बरं, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. तेव्हा खेळाने युद्धं थांबतात वगैरे दावा मी करत नाही. माझा दावा फक्त टेबलाभोवतीच्या माणसांपुरता आहे.

आमच्यात एक निवृत्त कर्नल आहेत, मी लेफ्टनंट असताना ज्यांच्यासमोर माझा आवाज फुटत नसे. एक दंतवैद्य. एक प्राध्यापक, ज्यांचं घराणं तीन पिढ्या जबलपुरात आहे आणि ज्यांच्या मराठीत हिंदीने प्रेमाने घर केलंय. चौथा मी, आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा कोणाच्या तरी गैरहजेरीत. गेल्या खेपेला माझ्या जागी तोच होता. कर्नलसाहेबांच्या घोडदळाने हल्ला करायला नकार दिला. साहेब म्हणाले, घोडदळ असं वागतच नाही, आणि ते कसं वागतं याचं पाच मिनिटांचं उत्तम व्याख्यान झालं. मुलगा शांतपणे म्हणाला, "अंकल, चार आया है. आपकी टर्न खतम." खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग साहेबांनी फासे त्याच्या हातात दिले. चाळिशीनंतर आमच्या पेशात असं 'नाही' ऐकायला मिळणं दुर्मीळ होत जातं. घरी आणि ऑफिसात माणसं आपलं म्हणणं आधी ओळखून घेतात. फासा ओळखत नाही.

चौघं खेळण्याचं आणखी एक कारण आहे. आमच्या अभ्यासवर्गांत ब्लूलँड आणि रेडलँड असे दोन देश असतात. शिकायला ते ठीक, पण त्याने एक सवय लागते: समोर एकच शत्रू आहे असं धरून चालायची. चौघांच्या टेबलावर लढाईचं गणित बहुतेक वेळा न लढणारा ठरवतो. दोघं एकमेकांत गुंतले की तिसरा नुसता उभा राहतो, चौथा त्याच्याकडे बघत राहतो. प्राध्यापक यात वाकबगार. ते तिसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांशी गोड बोलतात. मराठी माणसाला हे पानिपताखेरीज आठवतच नाही: सूरजमल जाट युद्धाआधीच बाजूला झाला, शुजाउद्दौला अब्दालीकडे गेला, आणि १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी आपल्या बाजूला उत्तरेतलं म्हणावं असं बळ उरलं नव्हतं. शाळेत आपण भाऊसाहेबांचा हत्ती आणि विश्वासरावांना लागलेली गोळी शिकतो. मित्र जोडण्यात आणि राखण्यात जे आधीचे महिने गेले, ते धड्यात दोन ओळींत संपतात. माझ्या मुलाला त्या दोन ओळींचं वजन टेबलावर कळलं, जेव्हा दंतवैद्यांनी कबूल केलेली मदत ऐन वेळी टेकडीमागेच थांबली. तो अजून त्यांच्याकडे दात दाखवायला जायला तयार नाही.

विडा उचलायचीही सोय आहे. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक जण जाहीर करू शकतो, की अमुक शत्रूचा नायक मी पाडेन, अमुक जागा मी घेईन. पुरं झालं तर कीर्तीचे गुण, नाही झालं तर वजा. कोण किती मोठा विडा उचलतो यावरून माणसाचा स्वभाव कळतो. वार्षिक गोपनीय अहवालात हा रकाना असायला हरकत नाही, पण ते माझ्या हातात नाही.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी खर्चाला घाबरू नये. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही हा खेळ अर्धा येतोच. दिवाळीत मातीचा किल्ला केला, कुंभारवाड्यातून मावळे आणले, तटावर अळीव पेरले, तिथेच सुरुवात झालेली असते. खडकवासल्याला कॅम्प रोव्हरमध्ये मी पहिलं सँड मॉडेल केलं तेव्हा रांगोळी आणि लोकरीने नदी-रस्ते काढताना माझा हात आपोआप चालला; शेजारचा केरळचा कोर्समेट विचारत होता, हे कुठे शिकलास. फरक इतकाच, की दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू नसतो आणि महाराज कधी हरत नाहीत. म्हणून ते मावळे मात्र माळ्यावरच राहू द्या. सापशिडीच्या डब्यातले दोन फासे, मुलांचे जुने प्लास्टिकचे प्राणी आणि एक चादर पुरते.

फासा टेबलाखाली पडला तर तो धरायचा की परत टाकायचा, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. आमच्याकडे ते ठरायला दोन शनिवार गेले, आणि कर्नलसाहेब अजूनही खाली वाकून तो आकडा बघून येतात.