रात्रीचा पंचनामा

मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, आमच्या बोलीत येळवशीला, लातूर-नांदेडकडचा शेतकरी सहकुटुंब शेतावर जाऊन कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा मांडतो, भज्जी, आंबील, उंडे आणि गव्हाची खीर यांचा नैवेद्य दाखवतो, वाटेने जाणाऱ्या अपरिचितालाही हाताला धरून पंगतीत बसवतो, आणि या आतिथ्यातून घरचे कुत्रे वगळण्याचा प्रश्नच उद्भवत नसल्यामुळे, दिवसभर प्रत्येक पानावरचा उरलासुरला घास ज्याच्या वाट्याला आला त्या इमानी प्राण्याचे पोट मध्यरात्री बंड करून उठले तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. नवल असलेच तर ते याचे, की ज्या दिवशी असा प्रसंग ओढवण्याचा संभव अधिक, त्याच दिवशी जिल्ह्यात स्थानिक सुटी असते आणि जनावरांच्या दवाखान्याला कुलूप असते.

त्या खिरीत मनुके असतात. मनुष्याला पथ्यकर असलेला हा पदार्थ काही कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी करू शकतो, ही गोष्ट पशुवैद्यांच्या ध्यानात येऊनही फार काळ लोटलेला नाही. द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे त्याचे मूळ असावे, असा तर्क तर अमेरिकेतील पशुवैद्यांनी 2021 साली, म्हणजे अगदी अलीकडे, मांडला. कांदा आणि लसूण यांचा अपाय त्याहून फसवा, कारण त्यांनी रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो आणि तो दिसून येईपर्यंत काही दिवस निघून गेलेले असतात. कंदुरीच्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर पडलेली चरबी खाऊन कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते, ते पाठीची कमान करून विव्हळते आणि पाण्याचा घोटही पोटात ठेवू शकत नाही. पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्याच्या मागे, कोरडी खाऊ नको म्हणून, तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव महाराज आमच्याच मराठवाड्यातील नरसीचे. त्यांची भूतदया सर्वथैव वंद्य आहे, परंतु ज्याचे पोट बिघडले आहे अशा कुत्र्याच्या बाबतीत ती वाटी तेवढी मागेच ठेवावी, असे आजचे वैद्यक सांगते.

या विषयात बोलण्याचा आमच्या चाकूर तालुक्याला थोडाफार वडिलोपार्जित हक्क आहे. तालुक्यातील जानवळ हे गाव कारवानी आणि पश्मी या शिकारी कुत्र्यांसाठी दूरवर विख्यात असून, उत्तरेकडून आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर ही जात दख्खनच्या मुलखात उतरली, अशी परंपरा आहे. त्याच कुळातील दक्षिणेकडच्या शाखेला मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांचा राजाश्रय लाभला, आणि 2005 साली भारतीय टपाल खात्याच्या तिकिटावर मुधोळ कुत्र्याचे चित्र झळकले. जानवळच्या कुत्र्याला तिकीट लाभले नाही, तो सशामागे धावत राहिला. त्याच्या धावण्याचे रहस्य त्याच्या शरीराच्या घडणीत आहे. छातीचा खोल पिंजरा, त्यात मोठे हृदय आणि प्रशस्त फुप्फुसे, आणि त्यामागे एकाएकी वर ओढलेले पोट ही घडण वाऱ्याशी स्पर्धा करण्यास अत्यंत अनुकूल. परंतु अशा खोल छातीच्या कुत्र्यांत, भरपेट जेवणानंतर कधी कधी जठर हवेने फुगून स्वतःभोवतीच पीळ घेते, दोन्ही तोंडे आवळली जातात, आतले वरही येत नाही आणि पुढेही सरकत नाही, आणि हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा मार्ग त्या फुगवट्याखाली दबून प्राणी काही तासांत दगावतो.

हा विकार ग्रेट डेन या थोराड जातीत सर्वाधिक आढळतो. त्याचा विस्तृत अभ्यास अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात लॅरी ग्लिकमन यांनी केला. वाढते वय, रक्ताच्या नात्यातील एखाद्या कुत्र्याला पूर्वी झालेला हाच विकार आणि अधाशीपणे गिळण्याची सवय, ही कारणे त्यात पुढे आलीच; शिवाय कुत्र्याला मान वाकवावी लागू नये म्हणून त्याचे ताट उंचावर ठेवण्याची जी हौस सुशिक्षित घरांत रूढ झाली होती, तीही धोका वाढवणारी आढळली. आमचा सालगडी कुत्र्याची भाकर जमिनीवरच्या ठिकरीत चुरतो, ते शास्त्राला धरूनच म्हणायचे.

आमच्या शेतावरच्या हरण्या कुत्र्याला या संकटाने गाठले ते अशाच एका जेवणावळीनंतरच्या रात्री. तो बसत नव्हता, उभाही राहत नव्हता. मान लांब करून ओकारीचा उमाळा काढी, पण तोंडातून फेसाळ लाळेपलीकडे काही पडत नसे. आमच्या सालगड्याने, ज्याच्या हातून आजवर कितीतरी बैल पोटफुगीतून वाचले आहेत त्याने, कंदील खाली ठेवून अत्यंत सद्भावाने विचारले, "मालक, बैलावानी गोडंतेल पाजू का?" मी लातूरच्या एका तरुण पशुवैद्यांना दूरध्वनी लावला. झोपेतून उठलेल्या त्या गृहस्थांनी औषधाचे नावही न घेता विचारले, "काका, ओकारीतून काही बाहेर पडतंय का? पोट ताठ लागतंय का? हिरड्यांचा रंग कसा आहे?" आणि मी उत्तरे देताच म्हणाले, "काही पाजू नका. जीपमध्ये घाला आणि निघा." पहाटेपूर्वी त्यांनी जठरात नळी घालून हवा काढली. पीळ पडलेला नव्हता, नुसता फुगवटा होता. पीळ असता तर पोट उघडून जठर सरळ करणे आणि पुन्हा फिरू नये म्हणून ते उदराच्या भिंतीला टाके घालून जखडणे, याखेरीज गत्यंतर नव्हते.

त्या रात्रीपासून माझे असे मत झाले आहे, की मध्यरात्री कुत्र्याचे पोट बिघडले असता धन्याने वैद्य होण्याची खटपट करू नये. त्याने तलाठ्यासारखा पंचनामा करावा. काय घडले, केव्हापासून घडत आहे, काय खाल्ले असण्याचा संभव आहे, ओकारीत आणि शौचात काय दिसते, याची नोंद वैद्याला हजार उपायांहून अधिक मोलाची असते. ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी असावी, आणि बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावा. तसे न होता हिरडी पांढुरकी, निळसर किंवा विटकरी दिसली, तर उजाडण्याची वाट पाहण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती झटकन जागेवर गेली नाही तर शरीरातले पाणी आटले आहे. निरोगी कुत्र्याचे अंग आपल्याहून गरम, 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, हे ठाऊक नसल्यामुळे भल्या कुत्र्याला तापकरी ठरवून माणसाच्या गोळ्या चारणारे लोक मी पाहिले आहेत. पॅरासिटॅमॉल आणि आयबुप्रोफेन या आपल्या घरातल्या गोळ्या कुत्र्याच्या यकृताला, जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

या पंचनाम्यातून बहुधा दिलासाच मिळतो. धडधाकट, लस टोचलेले कुत्रे एकदोनदा ओकले, एखादा पातळ ढाळ झाला, परंतु शेपूट हलते आहे आणि हिरडी गुलाबी आहे, तर त्याला रात्रभर उपाशी ठेवावे, पाणी घोटाघोटाने द्यावे, आणि सकाळी नरम भात व मीठ-मसाल्याविना उकडलेल्या कोंबडीचा थोडा अंश घालावा. दूध घालू नये. पिल्लाच्या बाबतीत मात्र हा धीर धरता येत नाही. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू, ज्याच्या पूर्वी कुत्र्यांना हा रोग ठाऊक नव्हता, पिल्लाच्या आतड्याचे अस्तर सोलून काढतो. रक्ताळलेली, दुर्गंधी हगवण लागलेले पिल्लू रात्रीत गलितगात्र होते, आणि त्याच्या विष्ठेतला विषाणू अंगणाच्या मातीत कित्येक महिने तग धरून पुढच्या वेताची वाट पाहतो. सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून ठरावीक अंतराने टोचलेली लस हाच त्यावरचा खरा बंदोबस्त. जानवळहून पिल्लू विकत आणताना त्याची उंची, शेपटी आणि नखे पारखणारा शौकीन लसीची चिठ्ठी मागत नाही, याचा मला खेद वाटतो.

शेताच्या मुलखात आणखी एक शक्यता नजरेआड करून चालत नाही, ती विषाची. सोयाबीन-तुरीच्या फवारणीचा रिकामा डबा चाटलेल्या कुत्र्याची लाळ गळते, डोळ्यांतून पाणी वाहते, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात आणि अंग थरथरते; त्यावर अ‍ॅट्रोपिनची सुई हा उतारा पशुवैद्याजवळ असतो, म्हणून डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी. उंदीर मारण्याच्या झिंक फॉस्फाइडची तऱ्हा निराळी. त्याच्यावर जठरातील आम्लाची क्रिया होऊन विषारी वायू सुटतो, अन्न घातल्याने आम्ल वाढते, आणि ओकारीबरोबर येणारा तो वायू शुश्रूषा करणाऱ्यालाही बाधू शकतो. तेव्हा दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात. ओकारी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजण्याचा जुना प्रघात आहे. त्याने रक्तात क्षार वाढून दुसरेच संकट ओढवते. आणि नळीने पाजलेले गोडेतेल, जे अनुभवी हाताने बैलाच्या फसफसलेल्या पोटात उपयोगी पडते, ते ओकणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत फुप्फुसात उतरण्याची भीती असते. सालगड्याच्या ज्ञानात उणेपणा नव्हता. ते ज्ञान रवंथ करणाऱ्या जनावराचे होते, इतकेच.

येथे एक सूचना कठोरपणे द्यावी लागते. घशात हाड अडकल्यासारखे करणारे, जबडा लोंबणारे आणि लाळ गाळणारे कुत्रे पाहून कनवाळू माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. असे कुत्रे कधी कधी पिसाळीच्या मुक्या अवस्थेत असते, आणि त्या करुणेची किंमत माणसाला प्राणांनी मोजावी लागते. हात घालू नये. त्याची लाळ हातावरच्या जखमेला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुऊन लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

आता या सर्व प्रकरणात सरकारी दवाखाना कोठे आहे? तो आहे, आणि दिवसा उजेडी तेथील पशुधन विकास अधिकारी प्रामाणिकपणे काम करतात, याविषयी माझी तक्रार नाही. परंतु या खात्याची मूळ रचनाच निराळ्या शत्रूसाठी झाली. परळला 1886 साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, 1889 साली पुण्यात इंपीरियल जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. त्या काळी घोडा हा सरकारचा आणि बैल हा रयतेचा आधार होता, आणि बुळकांडी नावाचा रोग गावेच्या गावे निर्बैल करून टाकीत असे. त्या बुळकांडीचे जगातून समूळ उच्चाटन झाल्याचे 2011 साली जाहीर झाले, ही मानवाच्या इतिहासातील थोर कामगिरी आहे आणि तीत लस टोचत पायी हिंडणाऱ्या अनाम कर्मचाऱ्यांचा वाटा आहे. मात्र कळपाच्या रोगासाठी आखलेली यंत्रणा एकट्या प्राण्याच्या रात्रीच्या संकटाला अपुरी पडते, आणि दुभती गाय अडली तरी तेच घडते, हे नमूद केले पाहिजे. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावण्याची तजवीज अलीकडे झाली, तिचे स्वागतच आहे. तथापि रस्त्यावरच्या वाहनात जठराचा पीळ उलगडता येत नाही.

आमच्या जिल्ह्यात उदगीरला, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथे दर वर्षी तरुण विद्यार्थी आंतरवासिता करतात. त्यांतील काहींची पाळीपाळीने तालुक्याच्या दवाखान्यांत रात्रपाळी लावावी, त्यांच्या हाताशी जठरात घालण्याची नळी, शिरेतून द्यावयाचे सलाइन आणि अ‍ॅट्रोपिन एवढे साहित्य ठेवावे, आणि रात्री कोणाला हाक मारायची त्याचा दूरध्वनी क्रमांक दवाखान्याच्या कुलूपबंद दारावर ठळक अक्षरांत लिहावा, अशी माझी जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला आणि उदगीरच्या महाविद्यालयाला विनंती आहे. पहिल्या दोन गोष्टींना मंजुरी, तरतूद आणि शासननिर्णय लागेल. तिसरीला रंगाचा एक डबा पुरेल, आणि ती या आठवड्यात होऊ शकते.