आठव्या वर्षी फ्रेंच

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र गेले दोन आठवडे आमच्यापुढे पडून आहे. उत्तरास उशीर झाला तो आळसाने नव्हे; प्रश्नच असा आहे की त्याला घाईने उत्तर देणे बरे दिसले नसते. भगिनी लिहितात की त्यांचे बंधू नोकरीनिमित्त वडोदऱ्यास स्थायिक झाले आहेत. त्यांचा मुलगा तेथील एका शाळेत तिसरीत असून त्यास यंदापासून फ्रेंच शिकवितात. नाताळच्या सुट्टीत तो गावी आला, ओसरीवर उभा राहिला आणि त्याने एकापासून वीसपर्यंत फ्रेंच आकडे घडाघडा म्हणून दाखविले. घरच्या वडीलधाऱ्यांनी तोंड भरून कौतुक केले. भगिनींची मुलगी त्याच्याच वयाची. ती गावच्या मराठी शाळेत जाते. आईच्या पदराआडून तिने सारे ऐकले आणि रात्री अंथरुणावर विचारले, "आई, मला हे का गं येत नाही?" पत्राच्या शेवटी भगिनी आम्हांस विचारतात : 'आमच्या मुलांचे शिकण्याचे वय असेच निघून चालले आहे काय?'

वाचकहो, हा प्रश्न एकट्या खानापूरचा नाही. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडसारख्या देशाने हाच प्रश्न स्वतःस विचारला होता, आणि उत्तर शोधण्यासाठी हजारो मुलांना वर्गात बसवून दहा वर्षे वाट पाहिली होती. त्या दहा वर्षांची हकीगत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. ती आज सांगावी असे आम्हांस वाटते.

त्या काळी इंग्लंडमध्ये फ्रेंच शिकावयाची ती अकराव्या वर्षानंतर, आणि तीही बहुतांशी परीक्षेत निवडून निघालेल्या मोजक्या मुलांनी. बाकीच्यांच्या वाट्यास ती भाषा येतच नसे. पण महायुद्धानंतर यूरोपातील देश एकमेकांच्या जवळ येऊ लागले होते, आणि परकी भाषा येत नाही ह्याची इंग्रजांस थोडी लाज वाटू लागली होती. अशातच कॅनडातील माँट्रियल येथील मेंदूचे विख्यात शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड ह्यांचे म्हणणे सर्वत्र पसरले. १९५९ साली लॅमार रॉबर्ट्स ह्यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की लहान मुलाचा मेंदू भाषा ग्रहण करण्यास ओल्या मातीसारखा मऊ असतो आणि नऊ-दहा वर्षांनंतर तो हळूहळू ताठर होत जातो. (ओल्या मातीची उपमा आमची, मुद्दा त्यांचा.) १९६१ साली लीड्स शहरातील एका प्राथमिक शाळेत, दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या एका बाईंनी मुलांना फ्रेंच शिकवून पाहिली. त्या मुलांची प्रगती पाहून लोक चकित झाले. मग काय! १९६३ साली शिक्षणमंत्री सर एडवर्ड बॉइल ह्यांनी योजना जाहीर केली, आणि १९६४ च्या सप्टेंबरात इंग्लंड व वेल्समधील तेरा विभागांत आठ वर्षांची मुले फ्रेंच शिकू लागली. निवडक नव्हेत, सर्व मुले. गरिबाची, श्रीमंताची, हुशार, मंद, सारी.

तयारीही काही थोडीथोडकी नव्हती. न्यूफील्ड प्रतिष्ठानाने खास पाठ्यक्रम तयार केला. फलालीनच्या फळ्यावर रंगीत चित्रे चिकटवावयाची, टेप लावावयाची आणि खऱ्या फ्रेंच माणसांचा आवाज मुलांनी ऐकावयाचा. प्रारंभी पुस्तक नाही, लेखन नाही, व्याकरण तर नाहीच. घरात मूल बोलावयास शिकते त्याच क्रमाने आधी कान, मग जीभ, मग डोळा, आणि हात सर्वांच्या मागून. शिक्षकांस भाषेच्या खास वर्गांना धाडण्यात आले. आम्हांस ही पद्धत ऐकून फार आवडली, हे कबूल केले पाहिजे. आपल्या शाळांत इंग्रजीचा प्रारंभ 'स्पेलिंग' घोकून होतो. तिथे निदान मुलाच्या कानाला मान होता.

ह्या मुलांची परीक्षा पाहण्याचे काम राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन प्रतिष्ठानाकडे सोपविले होते, आणि तेथील संशोधिका क्लेअर बर्स्टल ह्यांनी दहा वर्षे ह्या मुलांचा माग ठेवला. १९७४ साली त्यांचा शेवटचा अहवाल निघाला. त्यातील निष्कर्ष वाचून अनेकांचे चेहरे उतरले. आठव्या वर्षी फ्रेंच सुरू केलेली मुले सोळा वर्षांची झाली, तेव्हा अकराव्या वर्षी सुरू केलेल्या मुलांशी त्यांची तुलना करण्यात आली. ऐकून समजण्यात लवकर प्रारंभ केलेली मुले सरस होती. वाचनात व लेखनात मात्र मागाहून आलेलीच पुढे होती! तीन वर्षांची आघाडी वाटेत कोठे सांडली कोणास ठाऊक. इतर विषयांत ह्या मुलांचे काहीच नुकसान झाले नव्हते, हे खरे. पण ज्या मोठ्या लाभासाठी खटाटोप केला तो लाभ दिसत नव्हता. अहवालाचा कौल विस्ताराच्या विरुद्ध पडला आणि पुढे अनेक प्राथमिक शाळांतून फ्रेंच निघून गेली.

असे का व्हावे? अहवालावर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि टीकाकारांच्या एका मुद्द्यात आम्हांस तथ्य दिसते. आठ ते अकरा ही तीन वर्षे मुलांनी गाणी म्हटली, खेळ खेळले, बोलावयास शिकली. मग ती माध्यमिक शाळेत गेली. तेथे त्यांच्या शेजारच्या बाकावर फ्रेंचचे एक अक्षरही न ऐकलेली मुले बसलेली. अशा मिश्र वर्गात शिक्षकांनी करावे तरी काय? बहुतेक ठिकाणी पुन्हा श्रीगणेशाच. तीन वर्षे जे बीज पेरले ते उगवले. पण त्याला पाणी घालण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांना बीज पेरल्याचा पत्ताच नव्हता. दुसरे कारण शिक्षकांचे. लीड्सच्या त्या बाईंसारख्या बाई प्रत्येक शाळेला कोठून मिळणार? पुष्कळ शिक्षकांचे स्वतःचे फ्रेंच शाळेत शिकलेले आणि विसरत चाललेले. मग सारा भार टेपवर पडला. आणि टेप काही मागे पडलेल्या मुलासाठी थांबत नाही, त्याच्याकडे पाहून हसतही नाही. आपल्याला हे जमत नाही असे ज्या मुलाने आठव्या-नवव्या वर्षी मनाशी ठरविले, ते पुढे त्या भाषेकडे फिरकेना.

परंतु त्याच अहवालात एक गोष्ट आहे जी आमच्या खेड्यातील वाचकांनी अवश्य ऐकावी. सगळ्या शाळांत चांगले फ्रेंच कोठे आढळले? लहान शाळांत, विशेषतः खेड्यातील लहान शाळांत! मोठ्या शाळांतील मुलांपेक्षा तेथील मुले सरस ठरली. निरनिराळ्या वयाची मुले एका खोलीत बसत, मोठी धाकट्यांना सांगत, चढाओढ कमी असे, चुकले तर हसावयास कोणी परके नसे. बर्स्टलबाईंना ह्यात त्या यशाचे कारण दिसले. ज्या शाळेस आपण 'एकशिक्षकी' म्हणून नाक मुरडतो, तिच्यासारख्याच शाळांची ही गोष्ट आहे.

आता इंग्लंडहून कॅनडात येऊ. पेनफील्ड ह्यांच्या माँट्रियलसमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठी सेंट लॅम्बर्ट नावाचे गाव आहे. प्रांत क्वेबेक, म्हणजे बहुसंख्य लोक फ्रेंच भाषिक. पण तेथील शाळामंडळे त्या काळी धर्मावरून विभागलेली होती, कॅथलिकांचे वेगळे आणि प्रॉटेस्टंटांचे वेगळे. (१९९८ साली ती भाषेवरून रचण्यात आली.) ह्यामुळे झाले असे की फ्रेंच मुले बहुशः कॅथलिक शाळांत, इंग्रज मुले बहुशः प्रॉटेस्टंट शाळांत, एकाच गल्लीत वाढून एकमेकांची भाषा येईना. इंग्रजी बोलणाऱ्या काही आईबापांना, त्यांत आयाच पुढे होत्या, हे सलू लागले. शाळेत फ्रेंच विषय होताच. पण रोजच्या त्या थोड्या वेळाने दुकानात पाव मागण्यापुरतेही धैर्य येत नव्हते. त्यांनी शाळामंडळाच्या पायऱ्या झिजविल्या, आणि १९६५ च्या सप्टेंबरात बालवर्गाची २६ मुले अशा वर्गात बसली जेथे बाई दिवसभर फ्रेंचच बोलत. मूल इंग्रजीत बोलले तर बाई रागावत नसत. समजून घेत आणि उत्तर मात्र फ्रेंचमध्ये देत. गणितही फ्रेंचमधून, पहिले वाचनही फ्रेंचमधून.

मॅगिल विद्यापीठातील वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर ह्यांनी ह्या मुलांचे काळजीपूर्वक निरीक्षण केले व १९७२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिलीच्या अखेरीस ही मुले इंग्रजी वाचनात मागे होती. आयांच्या पोटात गोळा आला असेल! पण दुसरीत रोज थोडे इंग्रजी सुरू होताच ती उणीव भरून निघाली. फ्रेंच ऐकून समजण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली. बोलण्यात थोडी कसर राहिली. तास वाढले, बाई भाषेच्या माहितगार, आणि पुढची वाट आखलेली. इंग्लंडात जे नव्हते ते येथे होते.

तरी लॅम्बर्ट ह्यांनी एक इशारा दिलेला आहे, आणि आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथे आहे. त्या मुलांची इंग्रजी सुरक्षित होती. घरी तीच, पुस्तकांत तीच, सगळ्या उत्तर अमेरिका खंडात तिचाच दबदबा. तिच्यावर फ्रेंच चढली ती दागिन्यासारखी. पण ज्या मुलाची घरची भाषा आधीच दुबळी, तिची बाहेर कोणी किंमत करीत नाही, त्याच्यावर परकी भाषा घातली तर ती पहिलीला ढकलून तिच्या जागी बसते. एकाची भर पडते, दुसऱ्याची वजाबाकी होते. ह्याचा दाखला त्याच फ्रेंच भाषेत आहे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात कित्येक पिढ्या फ्रेंच बोलणारी कॅथलिक कुटुंबे राहत. (तेथे जिल्ह्यालाही 'पॅरिश' म्हणतात, जुन्या धर्मग्रामांवरून ते नाव राहिले.) १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत इंग्रजीच असा दंडक घातला. शाळेच्या आवारात घरची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. 'मी फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य पुन्हा पुन्हा लिहावे लागे. ती मुले मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपल्या लेकरांना तो त्रास नको म्हणून त्यांच्याशी फ्रेंच बोललीच नाहीत. १९६८ साली राज्याने फ्रेंचच्या जतनासाठी मंडळ नेमले. आजोबांची भाषा नातवांना शिकविण्यासाठी फ्रान्स-बेल्जियमहून शिक्षक आणावे लागले.

इंग्लंडने आशा सोडली असे मात्र नव्हे. २०१४ च्या सप्टेंबरापासून तेथील सरकारी शाळांत सात ते अकरा वयाच्या मुलांना परकी भाषा सक्तीची झाली, आणि बहुसंख्य शाळांनी फ्रेंचच निवडली.

तेव्हा भगिनी, आपल्या मुलीचे वय निघून गेलेले नाही. अकराव्या वर्षी आलेल्या मुलांनी आठव्या वर्षी आलेल्यांस गाठले, हे आपण पाहिलेच. लहानपणी लाभतो तो कान, तो उच्चार. आणि तोही रोज ऐकावयास मिळाले तरच. आपल्या बंधूंनी शाळेत जाऊन दोन गोष्टी अवश्य विचाराव्या : शिकविणाऱ्या बाईंना फ्रेंच बोलता येते की केवळ पुस्तक वाचता येते? आणि पाचवीनंतर ही भाषा पुढे चालते की तेथेच थांबते? दुसऱ्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर भाच्याने वीस आकडे आनंदाने म्हणावे. त्याहून अधिक आशा धरू नये.

आणि पदराआड उभी असलेली आपली मुलगी? घरी कोकणी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड, हे सारे ती कोणी न शिकविता बोलत असेल. तिच्यासाठी ओसरीवर कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत इतकेच. इंग्रज मुलाला फ्रेंच शिकताना नवल वाटते की टेबल ही बाई कशी आणि पुस्तक हा पुरुष कसा. आपल्या मुलीला पाटी 'ती' आणि फळा 'तो' हे जन्मापासून ठाऊक. फ्रेंचमध्ये मित्राला एक शब्द व वडीलधाऱ्यांस दुसरा, हेही इंग्रज मुलाला समजावून सांगावे लागते. आपल्याकडे तू आणि तुम्ही ह्यांतील चूक झाली तर आजीच कान धरते. फ्रेंच शिकण्याची अर्धी सामग्री मराठीने तिच्या हाती आधीच दिलेली आहे.

भाचा मे महिन्यात पुन्हा येईल तेव्हा त्याला विसाच्या पुढचे आकडे येऊ लागले असतील. त्याला ऐंशी म्हणावयास सांगा. तो 'कात्र-व्हँ' म्हणेल. त्याचा शब्दशः अर्थ चार वेळा वीस, हे त्याच्या बाईंनी त्याला सांगितले असेलही. मग घरच्या आजीला विचारा की जुन्या काळी बाजारात ऐंशी नारळ कसे मोजीत. 'चार विसा' हे उत्तर आले की आपल्या मुलीला जवळ बोलवा आणि दोघा मुलांना ते एकमेकांस सांगू द्या.