सर्व्हिस ‘भेदली’ की ‘तोडली’?

भाषा टिकली आहे की नाही, हे ठरवण्यासाठी आपण शाळांची पटसंख्या मोजतो, दुकानांच्या पाट्या पाहतो, सरकारी परिपत्रके तपासतो. हे सारे आवश्यकच आहे. परंतु एक परीक्षा घरात, दूरचित्रवाणी संचासमोर होत असते आणि तिच्याकडे आपले लक्ष नसते. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती इंदूरच्या स्नेहलतागंजात.

१४ जुलै २०१९. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. एकीकडे लॉर्ड्सवर विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना आणि त्याच वेळी विम्बल्डनला फेडरर विरुद्ध जोकोविच. मावशीच्या घरी टेनिस लागले, कारण मावशी फेडररची भक्त. माहेर बेळगावचे, लग्न होऊन इंदुरात आली त्याला आता चार दशके होतील. होळकरांच्या राजकन्येचे नाव मिरवणाऱ्या या वस्तीत तिचा संसार झाला. समालोचन इंग्रजीत चालले होते, शेजारी बसलेला नातू ते हिंदीतून समजावत होता आणि मावशी मराठीतून उत्तरे देत होती.

नातू ओरडला, “सर्विस तोड दी!” मावशी म्हणाली, “अरे, भेदली म्हण. सर्व्हिस भेदतात. तोडायला ती काय फांदी आहे?”

आम्ही हसलो, पण त्या एका दुरुस्तीत भाषेचा मोठा विचार होता. ‘सर्व्हिस’ हा शब्द तिने टाकला नाही. इंग्रजी शब्द घेतला, त्याला मराठी लिंग दिले, त्यापुढे मराठी क्रियापद जोडले आणि तो आपला करून टाकला. मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांनी हेच काम वर्षानुवर्षे केले आहे. सर्व्हिस राखणे, सर्व्हिस भेदणे, बिनतोड सर्व्हिस, मानांकन, एकेरी, दुहेरी, परतीचा फटका हे शब्द कोणत्याही समितीने लादलेले वाटत नाहीत. मुळात टेनिसची स्वतःची भाषा तरी कुठे शुद्ध आहे? ‘टेनिस’ आणि ‘ड्यूस’ या शब्दांची मुळे फ्रेंचमध्ये सांगितली जातात. इंग्रजीने ते पचवले. पचवणे हे सामर्थ्याचे लक्षण आहे. नुसते उसने घेणे हे नव्हे.

सामना पाचव्या सेटमध्ये गेला. आठ-सात अशी आघाडी, फेडररची सर्व्हिस, चाळीस-पंधरा. विजेतेपदाचे दोन गुण हातात. मावशीने डोळे मिटून हात जोडले. पहिल्या गुणावर फेडररचा फटका बाहेर गेला. दुसऱ्यावर तो जाळीकडे धावला आणि जोकोविचने चेंडू त्याच्या बाजूने तिरका काढला. त्या क्षणी सारी संध्याकाळ हिंदीत बोलणारा तो मुलगा ओरडला, “आजी, गेलं गं!”

मला भरून आले, हे मी लपवत नाही. पुढे बारा-बारावर टायब्रेकर झाला आणि ४ तास ५७ मिनिटांनी जोकोविच जिंकला. एकूण गुण फेडररचे अधिक, २१८ विरुद्ध २०४, आणि तरीही तो हरला.

हा आकडा मला पुढे अनेक दिवस छळत राहिला. आपलेही असेच होत नाही ना? ओव्या, आरत्या, हळहळ, लाडाची हाक असे कितीतरी गुण आपण जिंकतो; मोक्याचे गुण मात्र निसटतात. कारण ‘गेलं गं’ हा उद्गार आहे, वर्णन नव्हे. फटका का चुकला, फेडरर जाळीकडे का धावला, हे त्या मुलाने नंतर मला समजावले ते हिंदीतच. परमुलखात भाषेचा ऱ्हास याच क्रमाने होतो. आधी विश्लेषण जाते, मग वर्णन जाते आणि शेवटी उद्गार तेवढा उरतो. उद्गारावर समाधान मानणारा समाज पुढच्या पिढीला भाषेऐवजी आठवण देतो.

यात हिंदीचा दोष नाही. याच इंदूरच्या सुशील दोशींनी हिंदीतून क्रिकेट घराघरांत ऐकवले. आपल्याकडे बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत आणले. खेळाचे वर्णन करता करता भाषा कशी लवचीक होते, याचा तो वस्तुपाठ होता. टेनिसच्या वाट्याला असे समालोचन फारसे आले नाही. शब्द छापले गेले, पण बोलले गेले नाहीत.

ते बोलण्याचे काम आपल्याला घरीच करता येईल. बेळगाव असो, बिदर असो वा स्नेहलतागंज, पुढचा अंतिम सामना लागेल तेव्हा एका सेटपुरता आवाज बंद करा आणि मुलांना समालोचन करू द्या. ती अडखळतील, हिंदी-कन्नड-इंग्रजी मिसळतील. मिसळू द्या, वाक्याचा कणा तेवढा मराठी राहू द्या. दुरुस्ती करायचीच झाली, तर मावशीसारखी हसतखेळत करा.

गेल्या खेपेला तिच्याकडे गेलो तेव्हा नातू कुठलासा सामना पाहत होता. मला पाहून म्हणाला, “काका, बसा. आत्ताच सर्व्हिस भेदली.” मावशी आत पोहे परतत होती. तिने ऐकले असावे. पण बोलली काहीच नाही.