व्ह्यूज नंतर मोजा, आधी ‘ओके’ कोण देणार ते ठरवा



सकाळी चहाच्या आधी तुमच्यापैकी बरेच जण मोबाईलवर एकच गोष्ट बघतात : काल वेबसाईटला किती व्ह्यूज आले? मीही तेच करायचो. या सवयीपायी मला एकदा चांगला फटका बसला, म्हणून आजचा विषय.

माझ्या एका कार्यशाळेचं पान आम्ही जुन्या पानाची कॉपी करून बनवलं. तारीख बदलली, ठिकाण बदललं, फी मात्र जुनीच राहिली. ७९९ च्या जागी ४९९. पान टाकणारा मुलगा घाईत, मी प्रवासात. दोन दिवस मी व्ह्यूजचा आकडा बघून खूश होतो, पण पान एकदाही उघडून वाचलं नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, तोवर ३१ जणांनी ४९९ भरले होते. त्यांच्याकडे वरचे पैसे मागणं मला पटलं नाही. ९,३०० रुपये गेले. मुलाला मी बोललो नाही, कारण तपासायचं कोणी हे मीच ठरवलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. व्ह्यूज म्हणजे लाऊडस्पीकर. बरोबर बोललात तर ते गावभर जातं, चुकीचं बोललात तर तेही गावभर जातं. म्हणून आकडा वाढवायच्या मागे लागण्याआधी पान कोण लिहिणार आणि कोण ओके करणार, हे ठरवा.

“सर, आम्ही नवरा-बायको दोघंच धंदा बघतो, आम्हाला कसली अप्रूव्हल सिस्टीम?” हा प्रश्न मला नेहमी येतो. अहो, घरच्या कार्यातसुद्धा पंगत बसायच्या आधी भाजीचं मीठ कुणीतरी चाखतंच ना? तेवढंच करायचंय. नियम एकच : ज्याने लिहिलं त्याने पब्लिश करायचं नाही.

वेबसाईट वर्डप्रेसवर असेल तर ही सोय आधीपासूनच आहे, वेगळे पैसे लागत नाहीत. लिहिणाऱ्याला ‘काँट्रिब्युटर’ हा रोल द्या. त्याला पोस्ट लिहिता येते, पण पब्लिश करता येत नाही. तो ती रिव्ह्यूसाठी पाठवतो, ती ‘पेंडिंग’मध्ये दिसते आणि ‘एडिटर’ किंवा ‘ॲडमिन’ तपासून पुढे सोडतो. एक लक्षात ठेवा, काँट्रिब्युटरला फोटो अपलोड करता येत नाहीत, ते तपासणाऱ्याने टाकायचे. वर्डप्रेस नसेल तर व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवा आणि समोरून ‘ओके’ लिहून आल्याशिवाय टाकू नका. अगदी एकटे असाल तर रात्री लिहा, सकाळी घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

तपासताना शुद्धलेखनात अडकू नका. आधी चार गोष्टी बघा : किंमत आणि वजन, फोन नंबर आणि लिंक, तारीख, आणि दावे.

चौथ्या गोष्टीवर जरा थांबतो. समजा तुम्ही जांभूळ बियांची पावडर विकता. लिहिणाऱ्याने उत्साहात टाकलं, “मधुमेह मुळापासून बरा करा!” वाक्य दणदणीत आहे, व्ह्यूजही येतील. पण मधुमेह बरा करण्याची जाहिरात औषध म्हणून करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. आणि तुम्ही ती खाद्यपदार्थ म्हणून विकत असाल तर एफएसएसएआयचे २०१८ चे जाहिरातीचे नियमही रोग बरा करण्याचा दावा करू देत नाहीत. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. “व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोराने लिहिलं” हे उत्तर तिथे चालत नाही. पानावर नाव तुमच्या धंद्याचं आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो. तपासणीच्या नावाखाली पोस्ट आठवडाभर अडकली तर त्याचाही तोटा आहे. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरचं पान गणपती बसल्यावर पब्लिश करून काय उपयोग? म्हणून दोन भाग करा. किंमत, ऑफर, आरोग्याचा दावा असलेलं काहीही ओके शिवाय जाणार नाही, पण तपासणाऱ्याने २४ तासांत उत्तर द्यायचं. सणाच्या शुभेच्छा, दुकानाचा फोटो असल्या गोष्टी लिहिणाऱ्याने थेट टाकाव्यात. सगळ्यालाच गाळणी लावली तर महिन्याभरात कुणीच ती वापरत नाही.

मग व्ह्यूज बघायचेच नाहीत का? बघा ना, पण आकडा काय सांगतो ते समजून बघा. गूगल ॲनालिटिक्समध्ये एकाच माणसाने पान तीनदा उघडलं तर तीन व्ह्यूज होतात. तुम्ही स्वतः दिवसातून दहा वेळा उघडून बघता, तेही त्यात धरले जातात. ते नको असतील तर सेटिंगमध्ये स्वतःच्या इंटरनेटसाठी फिल्टर लावावा लागतो. सोबत ‘एंगेज्ड सेशन्स’ बघा. माणूस १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला, दोन पानं बघितली किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती केली, तरच ती भेट त्यात मोजली जाते.

आणि या आकड्यांचा माझ्या मते सगळ्यात चांगला उपयोग वेगळाच आहे. दर महिन्याच्या १ तारखेला सर्वांत जास्त व्ह्यूज असलेली पाच पानं काढा आणि ती नव्याने वाचा. दर जुना आहे का? नंबर चालू आहे का? संपलेली ऑफर अजून लटकतेय का? जिथे गर्दी जास्त, तिथली चूक जास्त महाग पडते. कोणतं पान आधी तपासायचं हे व्ह्यूजच सांगतात. मी हे तेव्हा केलं असतं तर ९,३०० रुपये वाचले असते.

आजचं काम छोटंसं आहे. तुमच्या वेबसाईटचं सगळ्यात जास्त बघितलं जाणारं पान उघडा आणि अनोळखी गिऱ्हाईक होऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. त्यावरचा नंबर स्वतः लावून बघा. मग घरात किंवा दुकानात ओके देणारा माणूस कोण, त्याचं नाव कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात, पण डोळे उघडे ठेवून!