मेली नाही, मारली!

माझा मेहुणा मालवणला पर्यटकांना स्पीडबोटीतून फिरवतो. पावसाळ्यात हा धंदा बंद. मे संपता संपता बोट माडाखाली ओढायची, वर ताडपत्री टाकायची आणि तिचा नि आपला संबंध संपला असं समजून तीन महिने ओटीवर बसायचं! सप्टेंबर उजाडला, बोट पाण्यात गेली, मेहुण्यानं चावी फिरवली. इंजिनानं एकदाच ‘टक्’ केलं आणि मौन धरलं.

“भावोजी, बॅटरी मेली! हल्ली मालच असला येतो.”

माझा ‘मेली’ या शब्दालाच आक्षेप आहे. मेली नाही, मारली! आमच्या बँकेत दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. बॅटरीला तेवढाही दम नसतो. ती नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते. त्यात ह्यानं वायरी काढल्याच नव्हत्या. ताडपत्रीच्या भोकातून पाणी गळलं आणि तळाचा पंप ते इमानेइतबारे उपसत बसला. म्हणजे भरणा बंद, काढणं चालू! भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते; ही साडेदहावर आली होती. अशी रिकामी पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर धरतो. मग चार्जर लावा, नाहीतर सत्यनारायण घाला!

मेहुण्यानं शेजाऱ्याच्या जीपची बॅटरी आणून जोडली, तीही तोंडात पेटती विडी ठेवून. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन भडकतो, हे मी लांब उभा राहून ओरडून सांगितलं. इंजिन धडधडलं.

“झालं ना चालू? चला, किल्ल्याला चक्कर मारू!”

मी चढलो नाही. स्कूटर बंद पडली तर चार माणसं धक्का मारतात. भर समुद्रात धक्का कोण मारणार? आणि इंजिन सुरू करणारी बॅटरी तीच, तळाचं पाणी उपसणारीही तीच. पर्यटकांची पोरंबाळं घेऊन निघायचं ते हिच्या भरवशावर!

माझं मागणं मोठं नाही. बोट ओढली की बॅटरी काढून घरी आणा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देता, मग बॅटरीला घोटभर डिस्टिल्ड वॉटर द्यायला काय होतं?

“भावोजी, तुम्ही काउंटरवर बसून बोटी चालवता,” मेहुणा म्हणाला.

शेवटी नवी बॅटरी आली. पैसे अर्थात माझ्या खात्यातून. आता तेही खातं चावी फिरवली की नुसतं ‘टक्’ करतं.