वैनगंगेचे भोवरे आणि पुराचा अंदाज

2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटले आणि वैनगंगेने गोंदिया-भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतचा काठ बुडवला. खाली गोसेखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले. दोन राज्यांच्या समन्वयावर तेव्हा भरपूर टीका झाली. अशा वेळी एक बचाव हाताशी असतो: पुराचे पाणी समीकरणाला दाद देत नाही, अंदाज चुकणारच. हा बचाव अर्धा खरा आहे. कोणता अर्धा, ते पाहिले पाहिजे, कारण पैसा कुठे घालायचा हे त्यावर ठरते.

आधी खरा अर्धा. 1883 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार मिसळली. वेग कमी असेपर्यंत धार सरळ राहिली. वेग वाढताच विस्कटून सगळ्या पाण्यात पसरली. वेग, नळीची रुंदी आणि पाण्याची चिकटाई यांतून निघणारी रेनॉल्ड्स संख्या दोन-अडीच हजारांपलीकडे गेली की साधारणपणे हे घडते. पुरातली वैनगंगा 8 मीटर खोल आणि सेकंदाला 2 मीटर वेगाची धरली, तर तिची हीच संख्या दीड कोटीच्या वर जाते. अशा प्रक्षुब्ध प्रवाहात मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान, आणि शेवटी मिलिमीटरहून बारीक भोवऱ्यांतली ऊर्जा उष्णतेत विरते. गणितज्ञ कोल्मोगोरोव्हने 1941 मध्ये या उतरंडीचे सांख्यिकीय नियम मांडले. प्रत्येक भोवरा संगणकावर मोजायचा, तर रेनॉल्ड्स संख्या दहापट झाल्यावर गणिताचे बिंदू सुमारे पावणेदोनशे पट लागतात. तिरोड्यापासून पवनीपर्यंतची नदी अशी मोजील असा संगणक जगात नाही. प्रवाहाच्या मूळ नेव्हियर-स्टोक्स समीकरणांची त्रिमिती उत्तरे कायम सुरळीत राहतात की नाही, हेही सिद्ध झालेले नाही. त्यासाठी 2000 मध्ये जाहीर झालेले दहा लाख डॉलरांचे बक्षीस तसेच पडून आहे.

पण तिरोडा तालुक्यातल्या काठावरच्या शेतकऱ्याला भोवरा कुठे फिरेल हे कुठे हवे आहे? पाणी किती चढेल आणि कधी, एवढेच त्याला विचारायचे आहे. हा सरासरीचा प्रश्न आहे, आणि सरासरीच्या बाबतीत प्रक्षुब्ध प्रवाह बराच शहाण्यासारखा वागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॅनिंग या आयरिश अभियंत्याने दिलेले सूत्र आजही वापरात आहे. सगळी खळबळ त्यात खडबडीतपणाच्या एकाच गुणांकात कोंबलेली असते. वाळूच्या मोकळ्या पात्राला तो 0.03 च्या आसपास येतो, झाडोरा माजलेल्या काठाला दुप्पट-तिप्पट. खोली आणि उतार तोच असताना गुणांक दुप्पट झाला की हिशेबातला वेग निम्मा होतो. शिवाय रुंद पात्रात पुराची लाट खुद्द पाण्यापेक्षा वेगाने पुढे सरकते, साधारण पावणेदोन पट. धरणातून सुटलेले पाणी पोचायच्या आतच गावाला पूर येतो तो यामुळे.

म्हणजे अंदाज चुकतो तो बहुधा गुणांकापाशी, पात्राच्या जुन्या मापांपाशी आणि वरून उशिरा आलेल्या निरोपापाशी. वाळू उपसली, काठ खचला, बांध पडले, आणि आपण मात्र जुन्याच आडव्या छेदांवर गणित करतो. त्याचे खापर भौतिकशास्त्रावर फोडणे सोयीचे आहे, प्रामाणिक नाही.

तरीही सरासरीवर सगळे भागत नाही. पुलाच्या खांबाशी पाणी आदळून तळाकडे वळते आणि नालेच्या आकाराचा भोवरा पायाजवळची वाळू उकरत बसतो. इथे सरासरी वेग काही सांगत नाही. एक झटका पुरतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, तेव्हापासून जुन्या पुलांच्या पायांची चिंता महाराष्ट्राला नवी नाही. धरणाच्या किंवा बॅरेजच्या दरवाजांखाली उसळणाऱ्या पाण्याचेही तसेच. त्यासाठी खडकवासल्याची 1916 पासूनची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था सांडव्यांच्या प्रतिकृती बांधून पाणी सोडून पाहते. पन्नासपट लहान प्रतिकृतीत लाटा बरोबर जुळवता येतात, पण रेनॉल्ड्स संख्या मूळच्या साडेतीनशेव्या भागापर्यंत घसरते. म्हणून तिथला भोवरा नदीतल्या भोवऱ्याहून सौम्य असतो. ही उणीव भरायला संगणकही लागतो आणि मूलभूत संशोधनही. सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह या शास्त्रज्ञांनी बंगळुरात शांत प्रवाह खळबळीकडे कसा वळतो याचा अभ्यास केला, त्याला तेव्हाही कोणी चैन म्हणाले असेल. ती चैन नव्हती.

पण जिल्ह्याच्या तुटपुंज्या निधीला रांग लावावी लागते. माझ्या मते पहिला मान जलमापन केंद्रांचा, ती चालू ठेवणाऱ्या माणसांचा आणि दर पावसाळ्यापूर्वीच्या पात्रमोजणीचा. दुसरा जुन्या पुलांच्या पाया-तपासणीचा. महागडे संगणकीय प्रारूप त्यानंतर; कच्च्या मापांवर ते चुकीचेच उत्तर अधिक दिमाखाने देईल. उलट बाजूने म्हणता येईल की यंत्रे बसतात, उद्घाटने होतात आणि दोन वर्षांत गंजतात. आक्षेप खरा आहे. म्हणूनच देखभालीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा.

आणि इशारा देताना एकच आकडा देऊ नये. पाणी अमुक ते अमुक मीटर चढेल, अमुक ते अमुक वेळात, असा पल्ला सांगावा. मध्य प्रदेशच्या सीमेपासून गोसेखुर्दपर्यंतच्या पात्राची ताजी मापे दोन्ही राज्यांनी मिळून घ्यावीत आणि ती काठावरच्या ग्रामपंचायतींना मराठीत व हिंदीत खुली करावीत.