दोन बोटे वर

गंगापूर रस्त्यावर पहाटे साडेपाचला आमचा जो मेळा जमतो, त्यात पूर्वी बोलावयाचे विषय दोनच असत : आज किती जावयाचे आणि परतताना मिसळ कुठे खावयाची. गेल्या काही वर्षांत तिसरा विषय आला आहे आणि त्याने पहिल्या दोघांना हुसकून लावले आहे. "तुम्ही फिटिंग केलंत का?" असे आता मंडळी एकमेकांस विचारतात, ज्या सुरात पूर्वी "मुलीचं कुठे जमलं का?" असे विचारीत, अगदी त्याच सुरात. "नाही" असे उत्तर देणाराकडे मग करुणेने पाहण्यात येते. मीही या मेळ्यातलाच असून ही करुणा पुरते एक वर्ष भोगली आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते तटस्थपणे लिहिले आहे असे कृपा करून कोणी समजू नये.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी खर्च केल्या पाहिजेत. सायकल माणसाच्या मापाची करून देणे याचे नाव फिटिंग. तुम्हांस एका जागी बसविलेल्या सायकलीवर चढवितात, घोटा, गुडघा, कंबर, खांदा, मनगट अशा ठिकाणी ठिपके चिकटवितात, पायडल मारावयास सांगतात आणि कॅमेरे व संगणक यांच्या साह्याने प्रत्येक सांध्याचा कोन काढतात. मग सीट वर-खाली, पुढे-मागे होते. हँडल जवळ येते किंवा लांब जाते. बुटाखालच्या पट्ट्या सरकवितात. शेवटी एक छापील अहवाल हाती पडतो. याचे आठ-दहा हजार रुपये घेतात. मी नऊ दिले.

दिले ते हौसेने नव्हे. माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी पुढच्या बाजूने दुखू लागली होती. आधी त्र्यंबकेश्वरहून परतताना, मग सोमेश्वरपर्यंत जातानाच, आणि अखेर घराचा जिना उतरताना. वयाच्या साठीत गुडघा दुखू लागला की माणूस सायकलीचा विचार करीत नाही, तो आपल्या उरलेल्या आयुष्याचा विचार करू लागतो. डॉक्टरांनी सायकल थोडे दिवस बंद ठेवावयास सांगितले. मी बंद ठेवली, पुन्हा सुरू केली, पुन्हा दुखले. याच काळात चेन बदलण्यासाठी भद्रकालीतल्या आमच्या जुन्या मिस्त्र्याकडे गेलो होतो. मी सायकलीवरून उतरत असताना तो नुसता पाहत होता. म्हणाला, "भाऊसाहेब, सीट लई खाली ठेवलीय तुम्ही. दोन बोटं वर घ्या."

मी हसलो. त्याचे ऐकले नाही. त्याच्यापाशी ना ठिपके होते, ना कॅमेरा. हातात ग्रीस होते आणि समोर चहाचा कप. पुढे पाच महिने दुखणे काढून मी परगावी एका मोठ्या केंद्रात गेलो. तेथील तरुण तंत्रज्ञाने सर्व सोपस्कार केले आणि माझी सीट एकोणतीस मिलिमीटर वर नेली. तीन आठवड्यांत गुडघा थांबला. घरी आल्यावर मी मिस्त्र्याची दोन बोटे, म्हणजे तशीच माझी दोन बोटे, पट्टीवर ठेवून मोजली. एकतीस मिलिमीटर भरली. फरक दोन मिलिमीटरांचा. मिलिमीटरास साडेचार हजार रुपये हा दर सोन्याच्या पेढीतही कोणी ऐकला नसेल.

येथे फिटिंगचे कैवारी म्हणतील की हा योगायोग झाला. मुळीच नाही. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली असते, मागून दुखला तर बहुधा वर असते, आणि पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे झुलू लागली तर ती नक्कीच वर आहे. हे ज्ञान गुप्त नाही. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला असता गुडघा सरळ व्हावा; मग पायाचा पुढचा चवडा पायडलवर घेतला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. भाड्याच्या सायकली तासावर घेण्याच्या दिवसांत, नळीखालून पाय घालून शिकून झाल्यावर, पहिल्यांदा सीटवर बसताना कोणा वडीलधाऱ्याने आम्हांला ही युक्ती सांगितलेली असे.

शास्त्रज्ञांनी तरी याहून फार वेगळे काय सांगितले? इंग्लंडात हॅम्ली आणि टॉमस यांनी १९६७ साली प्रयोगान्ती सांगितले की सर्वांत खाली गेलेल्या पायडलपासून सीटपर्यंतचे अंतर पायाच्या आतील लांबीच्या १०९ टक्के असावे. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणारा अमेरिकन ग्रेग लेमॉण्ड याच्या नावाने दुसरे सूत्र प्रसिद्ध आहे : तीच लांबी ०.८८३ ने गुणावी आणि क्रँकच्या मध्यापासून मोजावे. माझ्या पायाची लांबी ७८ सेंटीमीटर. पहिल्या सूत्राने, १७ सेंटीमीटरांचा क्रँक वजा करता, सीट ६८ वर येते, दुसऱ्याने ६८.९ वर. दोन मान्यवर सूत्रांतच जवळजवळ एक सेंटीमीटरचा मतभेद आहे, आणि अहवालात मात्र माझ्या गुडघ्याचा कोन अंशाच्या दशांशापर्यंत छापला आहे! कमरेवरचा ठिपका चड्डीच्या कापडासकट बोटभर सरकला तर हा दशांश कोठे जाईल? बूट बदलला, चड्डीतली गादी झिजली, तीन तासांनी माणूस थकून सीटवर पुढे घसरला, की तो कोन बदलतो. तीच गत ओळंब्याची. पायडल पुढे आडवे असताना गुडघ्यावरून सोडलेला ओळंबा पायडलच्या आसावर यावा, हा नियम केंद्रोकेंद्री अजून पाळतात. अमेरिकेतील सायकल बांधणारा कीथ बॉण्ट्रेगर याने या नियमाला यंत्रशास्त्राचा काहीएक आधार नाही असे सविस्तर लिहून ठेवले, त्याला कित्येक वर्षे झाली. गवंड्याच्या ओळंब्याला निदान भिंत स्थिर असल्याची खात्री असते.

आणि शरीर तरी स्थिर कोठे असते? बेल्जमचा एडी मर्क्स याच्याहून मोठा सायकलपटू झाला नाही असे बहुतेक जाणकार मानतात. १९६९ साली ब्ल्वा येथील धावपट्टीवर झालेल्या अपघातात त्याच्यापुढे मोटारसायकल चालविणारा वाटाड्या जागीच मेला आणि मर्क्सची कंबर जायबंदी झाली. त्यानंतर तो सीटची उंची सारखी बदलीत राही. शर्यत चालू असतानासुद्धा पाना काढून कमीजास्त करी. ज्याच्या दिमतीला जगातले उत्तम कारागीर होते त्याला कायमचे माप सापडले नाही. आमच्या मंडळींना मात्र ते एका दुपारी सापडते, आणि अहवाल लॅमिनेट करून ठेवण्यात येतो.

आता उलट बाजूच्या लोकांचाही समाचार घेतला पाहिजे, कारण हे एवढे वाचून ते खूष झाले असतील. "आमचे आजोबा उभा जन्म काळ्या सायकलवर नाशिकरोडला प्रेसमध्ये जात. त्यांनी कोठे फिटिंग केलं होतं?" हा त्यांचा मुद्दा. आजोबा ताठ बसत, हँडल त्यांच्याकडे वळलेले असे, आणि सगळा भार रुंद स्प्रिंगच्या सीटवर असे. तुम्ही ओणवे होऊन हातांवर भार देता आणि चार तास मान वर उचलून धरता. शिवाय आजोबांचे गुडघे दुखत नव्हते हे तुम्हांला कोणी सांगितले? दुखत असत, त्याला ते वय म्हणत आणि रात्री तेल चोळीत. सहन केलेले दुखणे म्हणजे दुखणे नव्हते, ही आपल्याकडची फार जुनी चूक आहे.

त्या नऊ हजारांत खरे मोल कशाचे होते तेही मला सांगितले पाहिजे. माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तासाभराने बधिर होई, ही गोष्ट मी मिस्त्र्याला कधी सांगितलीच नव्हती. सायकलवाल्याला करंगळीबद्दल कोण सांगतो? त्या तरुणाने विचारले. "पूर्वी कधी हाड मोडलं होतं का?" हेही विचारले, आणि तीस वर्षांपूर्वी मोडलेली डावी मांडी बाहेर आली. हँडल फार लांब असल्यामुळे तळहाताच्या कडेवर भार येऊन तेथील नस चेपत होती. त्याने हँडल दोन सेंटीमीटर जवळ आणले, दहा मिनिटे पायडल मारावयास लावून बाजूला गुपचूप उभा राहिला, मग पुन्हा थोडे उचलले. दीड तास तो माझ्याकडे पाहत होता. दीड तास माझ्याकडे इतक्या लक्षपूर्वक कोणी पाहिल्याचे मला स्मरत नाही, डॉक्टरांनीही नाही. त्या दीड तासाची फी मी आनंदाने देईन. पण तो तरुण स्वतःच त्या दीड तासाला काही किंमत देत नव्हता. निघताना त्याने मला अभिमानाने दाखविला तो कॅमेरा.

माझा वाद आहे तो येथे. आपण नजरेचे पैसे यंत्राच्या नावावर लावतो. मिस्त्र्याचे मी ऐकले नाही आणि संगणकाचे ऐकले, यात मिस्त्र्याचे काही चुकले नाही. चूक माझी, आणि ती चूक माझ्या वर्गाची आहे. छापील कागद दिसल्याशिवाय आम्हांला विश्वास ठेवता येत नाही, म्हणून आम्ही विश्वासाचेच पैसे मोजतो.

मग फिटिंग करावे कोणी? ज्यांना लांब जावयाचे आहे त्यांनी जरूर करावे. आपल्या नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. तीच शर्यत २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने बारा दिवसांच्या आत संपविली. अशा माणसांना मिलिमीटराचा हिशेब ठेवावाच लागतो. साध्या २०० किलोमीटरांच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. त्यांतले दहा तास पायडल मारले आणि मिनिटाला ऐंशी फेरे धरले तरी ४८,००० वेळा गुडघा वाकतो. चूक केवढीशीही असो, ती ४८,००० वेळा होते.

हाच हिशेब मी आणखी थोडा पुढे नेला, आणि माझी झोप गेली. आमच्यासारखा रविवारचा स्वार तीन तास पायडल मारतो. वर्षाचे पन्नास रविवार धरा : ७,२०,००० फेरे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे अजूनही सायकलीवर जाणारा कामगार जाताना चाळीस मिनिटे आणि येताना चाळीस मिनिटे, मिनिटाला साठ फेऱ्यांनी, तीनशे दिवस पायडल मारतो. १४,४०,००० फेरे. बरोबर दुप्पट. आणि त्याची सीट? सकाळी त्या रस्त्यावर उभे राहून पाहा. दहांतल्या सहांचे गुडघे छातीकडे येताना दिसतील. काहींनी मुद्दाम खाली ठेवली आहे, गर्दीत पाय टेकावा म्हणून. त्यांत शहाणपण आहे. बाकीच्यांची मात्र दुकानातून आली तशीच आहे. त्यांना कोणी फिटिंगबद्दल विचारीत नाही.

आमच्या मेळ्यात मी सुचविले की महिन्यातल्या एका रविवारी गोल्फ क्लब मैदानाजवळ टेप आणि पाने घेऊन बसावे, मिस्त्र्याला मानधन देऊन बोलवावे, आणि येईल त्याची सीट बसवून द्यावी. शाळेच्या सायकली तपासाव्यात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यांच्या गावांत जावे. कल्पना सर्वांना आवडली. एकाने टी-शर्टचा रंग सुचविला. तारीख अद्याप ठरावयाची आहे.

गेल्या महिन्यात आम्ही सहा जण त्र्यंबक रस्त्याला महिरावणीजवळ चहाला थांबलो होतो. तीन शाळकरी मुली सायकली हातात धरून बोलत उभ्या होत्या. त्यांतली सर्वांत उंच मुलगी निघाली तेव्हा तिचे गुडघे हँडलला लागत होते. आमच्यातल्या एका बाईंनी तिला थांबवून विचारले, "गुडघा दुखत नाही का गं?"

"दुखतो ना, काकू. चढाला लई दुखतो."

सीट तळाला टेकली होती आणि खालचे नट गंजून लाल झाले होते. आम्ही आमच्या पिशव्या उघडल्या. सहा सायकलींची किंमत मिळून सहा लाखांच्या घरात. प्रत्येकाजवळ परदेशी बनावटीच्या षट्कोनी किल्ल्यांचा सुबक संच. त्या नटाला लागेल असा पाना एकाजवळही नव्हता. शेजारी पंक्चरवाला होता. त्याने पाना आणला, नटावर रॉकेल सोडले, थोडा वेळ वाट पाहिली, मग पान्यावर पाय देऊन नट फिरविले. सीट दोन बोटे वर घेतली. मुलगी बसली, म्हणाली, "आता पाय पोचत नाही." अर्धे बोट खाली आणली. तिने रस्त्यावर एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि न थांबता शाळेच्या दिशेने गेली. तेव्हा मागच्या दोघी आपापल्या सायकली घेऊन पुढे सरकल्या.

पंक्चरवाल्याने तिघींचे मिळून तीस रुपये मागितले.